पिशवीतला फटका, पिशवीतला फायदा

पाडवा होऊन पाच-सहा दिवस झाले होते. साल २०१८. सकाळी चहाबरोबर पेपर उघडला, तर पहिल्याच पानावर राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाल्याची बातमी. यजमान म्हणाले, "आता मटण कशात आणायचं, डबा काढून ठेव." सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी दुसरं होतं काय? कापडाची पिशवीच की!" आणि माझ्या डोक्यात मात्र आमच्या बचत गटातली पाच शिलाई मशीनं गरागरा फिरायला लागली.

आमचं सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. गट २००९ पासूनचा, १२ जणींचा. महिन्याला शंभर-शंभर रुपये बचत, त्यातूनच एकमेकींना कर्ज. पाच जणींकडे मशीन, पण काम काय? फॉल-पिको, ब्लाउज आणि जूनमध्ये शाळेचे गणवेश. उरलेलं वर्ष मशीनवर टेबलक्लॉथ आणि त्यावर मुलांची दप्तरं. मी गटाची अध्यक्ष, म्हणजे बँकेत सही करणारी आणि पंचायत समितीत खेटे घालणारी. बी.ए.ला मराठी घेतलेलं, अर्थशास्त्र पहिल्या वर्षी कसंबसं सुटलेलं. पण त्या सकाळी मी पेपरच्याच कडेला हिशेब मांडला. बाजारपेठेत दीडशे दुकानं, दुकानाला रोजच्या २० पिशव्या, म्हणजे दिवसाला ३,०००! बाजारात तुरी म्हणतात ना, तसलाच प्रकार. पण तेव्हा तो हिशेब इतका गोड वाटला की दुपारीच गटाची बैठक बोलावली.

कुणी नाही म्हटलं नाही. फक्त आक्कांनी विचारलं, "कापड कुठलं आननार?" आक्का आमच्या गटातल्या सगळ्यात जुन्या शिवणकरी. नवरा जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती, दोन लेकरं मशीनवर वाढवली. मी म्हटलं, "ते माझ्यावर सोडा."

जिल्ह्याच्या गावी एका व्यापाऱ्याकडे गेले. त्याने रंगीत रोल दाखवले. साड्यांच्या दुकानात मिळतात ना, त्या जाळीदार दिसणाऱ्या, हाताला कापडासारख्या लागणाऱ्या पिशव्या, त्याचेच रोल. नॉन-वोव्हन म्हणतात. किलोवर मिळतात आणि खऱ्या कापडापेक्षा पुष्कळ स्वस्त. मी विचारलं, "हे प्लास्टिक नाही ना?" तो म्हणाला, "ताई, हे कापडच. बिनधास्त न्या." गटाच्या खात्यातून २२,००० रुपये काढले आणि टेंपोत रोल घालून ऐटीत गावात आणले. तीन आठवड्यांत पाच जणींनी अठराशे पिशव्या शिवल्या. तीनेकशे विकल्यासुद्धा, आठ रुपयांना एक.

आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहतात. त्यांना प्रत्येक गोष्टीचा मूळ कागद लागतो. वाढदिवसाला पिशवी भेट द्यायला गेले, तर त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, उलटीपालटी केली आणि कपाटातून शासनाच्या अधिसूचनेची झेरॉक्स काढली. २३ मार्चची. बंदी कशाकशावर, त्याची लांबलचक यादी होती. हँडल असलेल्या आणि नसलेल्या प्लास्टिक पिशव्या, थर्माकोलची ताटं-वाट्या, प्लास्टिकचे कप, चमचे, स्ट्रॉ... आणि त्यातच नॉन-वोव्हन पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या. गुरुजी म्हणाले, "काडेपेटी आण." पिशवीचं टोक पेटवलं. कापूस जळला तर राख होते. हे वितळलं आणि थेंब थेंब खाली गळलं. वाससुद्धा प्लास्टिकचाच.

दंडही त्याच कागदात होता. पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद.

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. पैसे माझे एकटीचे असते तर गप्प बसले असते. पण त्यात बारा घरांची बचत होती. कुणी भाजीतले वाचवलेले, कुणी भांगलणीला जाऊन आणलेले. दुसऱ्या दिवशी दुकानादुकानांत जाऊन पिशव्या परत घेतल्या, पैसे परत दिले. व्यापारी आधी ऐकेचना. यजमानांना घेऊन गेले तेव्हा (हे लिहायलाही राग येतो, पण तसंच झालं) उरलेले रोल निम्म्या किमतीत घ्यायला तयार झाला. सगळं धरून १३,००० च्या वर रक्कम बुडाली. शिलाईची मजुरी तर कुणी मागितलीच नाही.

बैठकीत कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. सगळ्या खाली बघत होत्या. आक्कांची लेक तेव्हा बारावी झाली होती, नर्सिंगला जायची होती. जूनमध्ये गटातून कर्ज घ्यायचं ठरलं होतं. खात्यात आता तेवढे पैसेच नव्हते. आक्कांनी कानातली फुलं सोनाराकडे ठेवली आणि मुलीची फी भरली. मला एवढंच म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही शिकलेल्या. बातमी वाचली, मग कागद का न्हाई वाचला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

खरं म्हणजे नियम बदलला की कुणाचं तरी काम अडतं आणि ज्याचं अडतं तो पैसे मोजायला तयार होतो. हे कळायला काही मोठं शिक्षण लागत नाही. आपल्याकडे याची उदाहरणं आधीही घडून गेली होती, आम्हीच बघत बसलो. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेतल्या मुलांना शिजवलेलं जेवण द्या म्हणून आदेश दिला. पुढे ऑक्टोबर २००४ मध्ये अंगणवाडीच्या आहाराला कंत्राटदार नकोत, गावच्या महिला मंडळांना, बचत गटांना प्राधान्य द्या असं सांगितलं. माझ्या माहेरच्या गावात चार बायकांनी लगेच ग्रामपंचायतीत अर्ज दिला आणि खिचडीचं काम घेतलं. बिलं वेळेवर मिळायची नाहीत, गॅससाठी पदरचे घालावे लागायचे, सगळं खरं. पण त्यातली एक माझी चुलत वहिनी. घरातून बाहेर पाऊल टाकलं ते त्या खिचडीच्या पातेल्यापायी. पुढे तिने लग्नाच्या जेवणांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "कशाला त्या सरकारी भानगडीत पडतेस?"

अन्नसुरक्षेच्या कायद्याचंही तसंच. कायदा २००६ चा, पण तो लागू झाला ५ ऑगस्ट २०११ ला. घरी चटण्या, लोणची करून विकणाऱ्यांनाही नोंदणी लागणार म्हटल्यावर आमच्याकडे नुसती घबराट. "आता इन्स्पेक्टर घरात शिरणार, फ्रीज उघडून बघणार." दोघी-तिघींनी धंदाच बंद केला. आमच्या पेठेतल्या एका शेंगदाणा-चटणीवाल्या काकूंनी मात्र चौकशी केली. तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना साधी नोंदणी होती आणि फी होती वर्षाला १०० रुपये. त्यांनी भरली, पाकिटावर नंबर छापला, वजन, तारीख, पत्ता सगळं टाकलं. मोठे दुकानदार नंबर नसलेलं पाकीट ठेवायला घाबरायला लागले, तेव्हा काउंटरवर एकट्या काकूंची चटणी. चव? चव त्या बंद केलेल्या बायकांच्या चटणीला जास्त होती, हे मी शपथेवर सांगते!

तर आमच्या पिशव्यांकडे परत येऊ. गुरुजींनी ती झेरॉक्स आम्हाला देऊन टाकली. ती मी गटात मोठ्याने वाचली, ओळ न् ओळ. कंटाळवाणी भाषा असते. 'त्याअर्थी' आणि 'उपरोक्त' यांनीच निम्मा कागद भरतो. पण तीन गोष्टी शोधायच्या ठरवल्या होत्या. नेमकं काय बंद, कुठल्या तारखेपासून आणि सूट कुणाला. दुकानदारांकडचा जुना साठा संपवायला मुदत होती आणि प्रत्यक्ष दंड सुरू होणार होता २३ जूनपासून. म्हणजे आमच्या हातात अजून महिना-सव्वा महिना होता.

या वेळी आक्कांना बरोबर घेतलं आणि इचलकरंजीला गेलो. यंत्रमागाचं गाव, मांजरपाट तिथेच स्वस्त. आक्कांनी आधी सूत ओढून जाळून बघितलं. दुकानदार हसला, आम्ही हसलो नाही. ४८ इंच पन्ह्याच्या एका मीटरमध्ये १२ बाय १५ च्या चार पिशव्या बसतात आणि उरलेल्या पट्ट्यांचे बंद होतात, हे आक्कांनी तिथेच जमिनीवर टेप टाकून दाखवलं. आमचा हिशेब असा होता : कापड २८ रुपये मीटर, म्हणजे पिशवीला ७ रुपये. दोरा आणि गाडीभाडं मिळून १ रुपया. शिलाई ३ रुपये. झाले ११. विकायची १४ ला.

किराणा दुकानदाराने ऐकलं आणि म्हणाला, "वहिनी, रुपयाची पिशवी मी फुकट देत होतो. १४ ची देऊ? अर्धा किलो साखरेत मला सुटतात किती?" त्याचं काय चुकलं? मी पेपरच्या कडेला मांडलेल्या त्या ३,००० पिशव्या तिथेच फाटल्या. नियमाने प्लास्टिक बंद झालं होतं. पण पिशवीसाठी पैसे द्यायची सवय काही नियमाने लावली नव्हती.

२३ जूनला नगरपालिकेची माणसं बाजारात फिरली. त्या आठवड्यात आमच्या सगळ्या पिशव्या गेल्या, १५ रुपयांनी गेल्या. लोक दारात येऊन मागत होते. गटात आनंदीआनंद. आणखी कापड आणू म्हणून सगळ्या मागे लागल्या. आक्का म्हणाल्या, "आठ दिस थांबू." जून संपता संपता सरकारने किराणा दुकानांतल्या पॅकिंगला काही अटींवर सूट दिली. बाजार थंड! ज्यांनी हौसेने पाच-पाचशे मीटर कापड भरलं होतं, त्यांच्या घरी ते पुढे उशांच्या अभ्य्रांना लागलं.

मग आम्ही बसून विचार केला की १४ रुपये कुणाला जड नाहीत? ज्याची साडी दोन हजारांची आहे त्याला. ज्याला पिशवीवर आपलं नाव मिरवायचं आहे त्याला. गावातल्या दोन साडी दुकानांत आणि एका सोनाराकडे गेलो. स्क्रीन प्रिंटिंगवाल्या मुलाकडून दुकानाचं नाव छापून नमुना नेला. रिकाम्या हाताने बोलायला गेलं की नुसते चहा पाजतात, नमुना दिसला की भाव विचारतात. सोनाराने लहान आकाराच्या २०० मागितल्या. लग्नसराईत आहेराच्या पिशव्या सुरू झाल्या, वधूवरांची नावं घालून. आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक निघालं ते आपल्या बायकांचंच. संक्रांतीचं वाण! प्लास्टिकचे डबे लुटण्यापेक्षा घडीची कापडी पिशवी बरी, हे एका हळदीकुंकवात पटलं आणि तिथून पुढच्या घरात गेलं. जानेवारी-फेब्रुवारी २०१९ मध्ये रथसप्तमीपर्यंत आम्ही ६०० पिशव्या दिल्या. मला गंमत वाटते, मी महिनाभर बाजारपेठेत गिऱ्हाईक शोधत होते आणि ते माझ्याच घरी पाटावर बसून तिळगूळ घेत होतं.

त्याच अधिसूचनेत थर्माकोल होतं. त्या वर्षी गणपती १३ सप्टेंबरला. थर्माकोलवाल्यांनी गणपतीपुरती सवलत मागितली, पण उच्च न्यायालयाने ती दिली नाही. म्हणजे मखर कशाची करायची हा घराघरातला प्रश्न. आमच्यातल्या एकीच्या दिरांचं बांबूचं काम. त्यांच्याकडून घडी होणाऱ्या चौकटी करून घेतल्या आणि आम्ही त्यावर जरीकाठाच्या कापडाची मखर चढवली. काठ कुठले, तर जुन्या साड्यांचे. अकरा मखरं गेली. पुढच्या वर्षी वाटलं पंचवीस जातील. गेली चार! कारण आधीच्या वर्षीची धुऊन, इस्त्री करून तयार होती ना. टिकाऊ माल विकला की गिऱ्हाईक दुवा देतं, पण परत येत नाही, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग मखर भाड्याने द्यायला लागलो आणि विकायला फक्त नवं तोरण, आसन आणि मागचा पडदा.

बुडालेले १३,००० भरून यायला १४ महिने लागले. आक्कांची फुलं त्याआधीच सोडवली. गटाने ठराव करून त्यांना पहिलं कर्ज दिलं, बिनव्याजी. माझ्या अध्यक्षपदाचा राजीनामा मात्र कुणी घेतला नाही. "बुडवलंय तर भरून द्या, पळू नका," असं धाकट्या वहिनी म्हणाल्या.

२०२० मध्ये करोना आला आणि मास्क. 'उमेद'च्या गटांनी राज्यभर मास्क शिवले, आम्हीही शिवले. पण ऑर्डर हातात आल्याशिवाय कात्री लावायची नाही, हे आता भिंतीवर लिहून ठेवल्यासारखं पाठ झालं होतं. ग्रामपंचायती, पतसंस्था, दूधसंघ, जेवढे मागतील तेवढेच. २ एप्रिल २०२२ ला राज्यातले निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला. तो दिवसही नेमका पाडव्याचा. पाडव्याने दिलं आणि पाडव्यानेच नेलं! आमच्याकडे तेव्हा शिल्लक होते सत्तर मास्क. शेजारच्या तालुक्यात एकीकडे चार हजार पडून होते असं ऐकलं.

नंतर तारखा येतच राहिल्या. प्लास्टिक पिशवीची जाडी आधी ७५ मायक्रॉन, मग २०२२ च्या अखेरीस १२०. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या कितीतरी वस्तूंवर बंदी. दर तारखेच्या आधी आम्ही जुन्या गिऱ्हाइकांना फोन करतो, कापड मात्र मोजूनच आणतो. आणि तेव्हाच कळलं की नॉन-वोव्हनच्या जाड पिशव्यांना सूट मिळाली. ज्या मालापायी आम्ही बुडालो, तोच माल जरा जाड असेल तर चालेल! ही बातमी मी बैठकीत वाचली तेव्हा आक्का डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "सरकारला आमचाच मुहूर्त गावला व्हता."

गेल्या काही वर्षांत पेपर वाचायची आक्कांची तऱ्हा बदलली आहे. सिनेमाचं पान मला देतात आणि स्वतः बोट लावून बातमी वाचतात. लेक आता मिरजेला दवाखान्यात नर्स आहे. तिने आईसाठी मोटारीचं नवं मशीन घ्यायचं ठरवलं. सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दुकानात भाव काढला, करासकट २२,४००. दुसऱ्या दिवशी आणायला जायचं, रिक्षाही सांगितलेली. सकाळी आक्का माझ्या दारात. हातात पेपरची घडी.

"वहिनी, हे जी.एस.टी.चं काय हाय? शिलाई मशीनचं नाव दिसतंय ह्यात."

३ सप्टेंबरच्या बैठकीत कराचे दर कमी केले होते. शिलाई मशीन १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर. नवे दर २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी. आक्कांनी रिक्षावाल्याला परत पाठवलं. लेक म्हणाली, "आई, एवढ्याशासाठी तीन आठवडे काय थांबतेस?" आक्का थांबल्या.

घटस्थापनेच्या दिवशी दुपारी आम्ही दोघी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "मावशी, हा जुना स्टॉक आहे, जुनाच भाव लागेल." आक्कांनी पिशवीतून (आमच्याच) कागद काढला. लेकीने मिरजेहून छापून पाठवलेला होता, बातमी नव्हे, मूळ कागद. त्यात शिलाई मशीनच्या ओळीखाली लाल पेनने रेघ ओढलेली. "बिल आज फाडनार न्हवं? मग कर आजचाच."

दुकानदाराने कागद वाचला, आक्कांकडे बघितलं आणि कॅल्क्युलेटर पुढे ओढला. २०,००० वर ५ टक्के. २१,००० झाले. वाचलेल्या १,४०० मधून आक्कांनी तिथेच सुयांची दोन पाकिटं, एक चांगली कात्री आणि दोऱ्यांचा बॉक्स घेतला. मग पदर खोचत माझ्याकडे वळल्या.

"चला. रिक्षाचं भाडं तुम्ही द्या."